मायनसवर कोण गायलं

ऋतुराज त्या दिवशी संध्याकाळी घराबाहेर पडला तो एक पेन ड्राइव्ह आणायला. काम एवढंच. कळंब्याहून उचगाव फाट्यावर जायचं, सिद्धाप्पाच्या दुकानातून पेन ड्राइव्ह घ्यायचा आणि तसंच पुढं, नृसिंहवाडीच्या पलीकडच्या एका गावात कार्यक्रमाला जायचं. तारीख अकरा जानेवारी, वार गुरुवार, मार्गशीर्षातली अमावास्या. तारीख मी कॅलेंडरवर पुन्हा पाहून घेतली आहे. ही गोष्ट सांगताना माझा माझ्यावरच भरवसा राहत नाही, तेव्हा निदान तारीख तरी पक्की असावी.

तेजस्वी, ते दूध जरा हलव, खाली लागेल. चंद्र वर यायला अजून वेळ आहे. आणि राजवीर, मघाशी मोबाइलवर जे गाणं लावलं होतंस ते आता बंदच राहू दे. का बंद करायला लावलं असं तू विचारलंस, म्हणून तर सांगायला बसलो.

ऋतुराज म्हणजे आपल्या मोनाचा नवरा. मोना माझ्या चुलत बहिणीची मुलगी, मला मामा म्हणते. म्हणजे हा माणूस ऐकीव नव्हे, माझ्या पाहण्यातला.

तर ते गाणं. ‘निघालासा व्हय पावणं, च्या तर घिऊन जावा की.’ तुमच्या जन्माआधीचं. तेव्हा कॅसेटींचे दिवस संपत आले होते. कोल्हापुरातल्या तीन पोरांनी एक बँड काढला, त्याचं नाव ‘लवंगी बॉईज’. त्या वर्षी हे गाणं वाजलं नाही अशी वरात नव्हती. रंकाळ्यावरच्या भेळेच्या गाडीपासून एस.टी.च्या ड्रायव्हरपर्यंत सगळे तेच गुणगुणत. लाल शर्टातला ऋतुराज कॅसेटच्या कव्हरवर होता, टीव्हीवर होता, सलूनच्या आरशावर चिकटवलेला होता. आणि मग काहीच नाही. दुसरी कॅसेट आली ती कुणी विकत घेतली नाही. काही वर्षांनी कार्यक्रमही आटले, बँड फुटला. उरलं ते एक गाणं.

“आमच्या गॅदरिंगला अजून वाजतं ते, आबा,” असं तू म्हणशील. वाजणारच. ते गाणं चांगलंच आहे. पण त्यातला आवाज ऋतुराजचा नाही.

आवाज आकारामचा. आकाराम उचगावचा. शिरोलीत एका फाउंड्रीत कामाला जायचा, आणि बँडमध्ये ढोलकी वाजवायचा. शब्द त्याचे, चाल त्याची. सिद्धाप्पा कीबोर्डवर. तो गडहिंग्लजच्या खालच्या अंगाचा, घरी कानडी बोलणारा. गाणार ऋतुराज, असं ठरलेलं. पुण्याच्या स्टुडिओत मात्र ऋतुराजला वरची पट्टी लागेना. वेळ चालला होता. तेव्हा रेकॉर्डिंग करणारा म्हणाला, ढोलकीवाल्याला तात्पुरतं गाऊ दे, त्यावर वाद्यं बसवू आणि मग आवाज बदलू. असं करतात. त्याला डमी म्हणतात. आकाराम उभ्या उभ्या गायला. कंपनीच्या माणसानं ते ऐकलं आणि म्हणाला, आवाज आता बदलू नका, हाच ठेवा. मग त्यानं आकारामकडं एकदा वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, चेहरा मात्र ऋतुराजचा ठेवा.

तिघंही गप्प बसले. पुढच्या कॅसेटला नावं दुरुस्त करू, असं त्यांचं आपापसात ठरलं. पुढच्या कॅसेटला ऋतुराज हट्टानं स्वतः गायला आणि काय झालं ते सांगितलंच. आकारामनं पुन्हा कधी कुणाला आवाज दिला नाही. स्टेजवर तो मागं ढोलकी घेऊन बसायचा, तोंड घट्ट मिटून. पुढं ऋतुराज त्याच्या आवाजावर ओठ हलवायचा. कितीतरी वर्षं.

दोन पावसाळ्यांमागं आकाराम गेला. छातीचं दुखणं होतं, खोकून खोकून गेला. लग्न केलं नव्हतं. घरी म्हातारी आई, अंबूबाई. ती आणि भाऊबंद आकारामला आक्का म्हणत.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला उचगावच्या स्मशानात सगळे जमले. त्याच्या आवडीचं सगळं पानावर मांडलं होतं. भडंग, वडा, तंबाखूची पुडी, कपात चहा. कावळा पत्र्याच्या शेडवर बसून होता, पण पानाला शिवेना. मग तुम्हांला माहीत आहे, भाऊबंद हात जोडून एकेक कबूल करायला लागतात. एक म्हणाला, “आक्का, म्हातारीला अंतर देणार न्हाय बग.” कावळा हलला नाही. दुसरा म्हणाला, “कुलदैवताचं राहिलेलं आम्ही करतो.” नाही. ऊन चढलं. लोक चुळबुळ करायला लागले. अंबूबाईनं ऋतुराजकडं पाहिलं.

ऋतुराज पुढं झाला. हात जोडले. आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला, “आक्या, हितनं फुडं माइक हातात आला की आधी सांगतो, आवाज तुझा हाय म्हणून. तुझ्या आवाजावर तोंड हलवणार न्हाय.”

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली उतरला.

“काय बोललास रं?” लोकांनी विचारलं.

“काय न्हाय. दोस्तीतलं,” ऋतुराज म्हणाला.

ऐकलं ते फक्त सिद्धाप्पानं. तो शेजारीच उभा होता.

आता शब्द पाळायला काही जड नव्हता, कारण ऋतुराजला कार्यक्रमाला बोलावतच कोण होतं? दुचाकींच्या शोरूममध्ये तो नोकरी करत होता. ‘तुम्हीच ना ते?’ असं एखादं गिऱ्हाईक विचारायचं, तेवढंच. पण मग कुण्या मुलीनं त्या गाण्यावर नाचून मोबाइलवर टाकलं आणि गाणं पुन्हा पेटलं. नृसिंहवाडीच्या पलीकडं कुणी गणपतराव म्हणून पुढारी आहेत, त्यांच्या वाढदिवसाचा निरोप आला. खास आकर्षण म्हणून ऋतुराजला बोलावलं होतं. फलकावर फोटो लागला. मोना सांगते, त्या आठवड्यात हा माणूस आरशासमोरून हलत नव्हता. लाल शर्ट नवा शिवून घेतला.

तर तो सिद्धाप्पाच्या दुकानात पोचला. सिद्धाप्पा स्पीकर, माइक भाड्यानं देतो. एक ॲम्प्लिफायर उघडून बसला होता.

“कुठला देऊ?” त्यानं वर न बघता विचारलं. “प्लस का मायनस?”

हे तुम्हांला सांगायला हवं. कार्यक्रमवाल्यांकडं एका गाण्याचे दोन ट्रॅक असतात. वाद्यं आणि आवाज दोन्ही असलेला तो प्लस. आवाज काढून नुसती वाद्यं ठेवलेला तो मायनस. मायनस लावला तर माणसाला खरोखर गावं लागतं. प्लस लावला की ओठ हलवले तरी भागतं, फक्त त्याचा माइक बंद ठेवायचा.

“दोन्ही दे,” ऋतुराज म्हणाला.

“दोन्ही कशाला? मायनसवर तू गाणार हाईस व्हय? आधी सांग, कानात कापूस घालून बसतो.”

“दोन्ही दे म्हटलं की मर्दा.”

सिद्धाप्पानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. “ऋत्या, त्या दिवशी मी शेजारी हुतो.”

“हाय की ध्यानात. आज पहिल्यांदा माइक हातात येतोय. आज सांगतो. नाव घेतो, मग गाणं.”

“आन् तोंड हलवायचं न्हाय म्हणालतास, त्याचं काय?”

“नाव घेतल्यावर त्याला काय वाटणार हाय? आपलाच आक्या हाय तो.”

“आपला हुता,” सिद्धाप्पा म्हणाला. “आता तो कुणाचा हाय ते आपल्याला ठावं न्हाय. शब्द माणसाला दिला असतास तर गोष्ट येगळी. तू कावळ्याम्होरं दिलाईस.” मग त्यानं पेन ड्राइव्ह पुढं केला. “नाव तेवढं घे बाबा. लई न्हाय मागत मी. तेवढं घे.”

ऋतुराज ‘घेतो’ म्हणाला. आणि मला वाटतं, त्या घटकेला त्याला घ्यायचंच होतं. माणूस खोटा नव्हता. असं निदान मी धरून चालतो.

गावात पोचला तेव्हा अंधार पडला होता. शाळेच्या मैदानावर मांडव. केकवर गणपतरावांचाच फोटो. माणसं म्हणाल तर आजूबाजूच्या चार गावांतली. गणपतरावांनी त्याला मिठीच मारली.

“अवो, माझ्या वरातीत घोडं म्होरं जाईना तुमच्या गाण्यापायी. पोरं नाचायची थांबनात. मंडळींना म्हटलं, हा आवाज एकदा आपल्या दारात आणायचाच.” त्यांनी बायकोला पुढं बोलावलं. “हे बग, हाच तो आवाज.”

ऋतुराज हसला. हात जोडले. ‘माझा नव्हे’ म्हणायची ती पहिली जागा होती. तिथं तो बोलला नाही. स्टेजवर सांगायचंच आहे, असं त्यानं मनाशी म्हटलं.

साउंडवाल्याला त्यानं पेन ड्राइव्ह दिला. बजावलं, प्लस लाव, माझा माइक बंद ठेव, मी बोलून झाल्यावर. साउंडवाल्यानं मान हलवली. त्याला हे नेहमीचं होतं.

निवेदकानं नाव पुकारलं. ‘ज्या एका आवाजानं महाराष्ट्र नाचवला…’ वगैरे. ऋतुराज वर गेला. माइक हातात आला. समोर अंधारात मोबाइलचे दिवे हलत होते. तो मला नंतर म्हणाला, म्हणजे लिहून म्हणाला, ते का ते पुढं येईलच, की त्याच्या तोंडात ‘आकाराम’ हे नाव आलं होतं. जिभेच्या शेंड्यावर होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका बाईनं कडेवरच्या पोराला त्याच्याकडं बोट करून दाखवलं. हे बघ, हे बघ, असं.

तो म्हणाला, “हे गाणं…”

थांबला.

“हे गाणं तुमचं हाय.”

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. त्यानं साउंडवाल्याकडं पाहिलं. साउंडवाला हातानं काहीतरी खूण करत होता. ऋतुराजला वाटलं, सगळं तयार आहे म्हणतोय. त्यानं मान हलवली.

गाणं सुरू झालं.

ढोलकी आली, कीबोर्ड आला. ऋतुराजनं ओठ उघडले आणि आवाज आला. तोच, वीस वर्षांच्या ओळखीचा. मैदान उठून नाचायला लागलं. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं.

हे बघा, वर्षानुवर्षं एकाच आवाजावर ओठ हलवलेला माणूस. आकाराम कुठं श्वास घेतो, कुठं शब्द ओढतो, कुठं सोडतो, हे त्याला स्वतःच्या नाडीसारखं माहीत. रेकॉर्ड केलेलं गाणं बदलत नाही. ध्वनी म्हणजे काय हे मी जन्मभर कॉलेजात शिकवलं, म्हणून हे एवढं तरी ठामपणे सांगतो. रेकॉर्ड केलेलं गाणं बदलत नाही.

दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर आवाजानं श्वास घेतला.

तिथं आकारामनं कधीच श्वास घेतला नव्हता.

ऋतुराजचे ओठ चुकले. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढची ओळ आली. पुन्हा श्वास. जरा लांबलेला. दमल्यासारखा. आणि शेवटच्या ओळीच्या आधी, वाद्यांच्या मधल्या जागेत, बारीकसा खोकला.

एकदाच.

लोक नाचत होते.

गाणं संपलं. ‘पुन्हा, पुन्हा’ असा गलका उठला. ऋतुराज खाली उतरला, त्याच्या पाठीला घाम फुटला होता, आणि थंडी तर अशी की लोकांनी मफलर गुंडाळलेले. तो तडक साउंडवाल्याकडं गेला.

“कुठला ट्रॅक लावलास?”

साउंडवाला खुशीत होता. “दादा, मानलं तुमाला. ते प्लस उघडंचना की वो. फाइल खराब झाल्ती. ऐन टायमाला मायनस लावला, तुमाला खूण केली, तुमी मान हलवलासा. मग माइक उघडला तुमचा.” त्यानं ऋतुराजचा हात हातात घेतला. “लोक म्हनत्यात ह्यो नुस्तं तोंड हलवतोय. आज मी कानानं ऐकलं. आवाज तुमच्या माइकमदनंच येत हुता.”

राजवीर, हसू नकोस. मीही हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो.

ऋतुराज जेवला नाही. गणपतरावांची माणसं शोधत होती, तोवर त्यानं गाडी बाहेर काढली होती. रात्रीचे साडेदहा झाले असतील. शिरोळच्या दिशेनं रस्ता मोकळा. दोन्ही बाजूंना ऊस. अमावास्या असल्यानं दिव्यांच्या उजेडाबाहेर काही नाही. आपण गायलो, असं तो स्वतःला समजावत होता. गर्दीच्या नादात आपणच गायलो. जमून गेलं. माणसाला जमून जातं कधी कधी.

हे खरं असेल तर किती बरं, असं त्याला वाटलं. मग त्यानं ते करून बघायचं ठरवलं. काच वर केली. पहिली ओळ म्हणायला तोंड उघडलं.

आवाज फुटला तो त्याचाच. बेसूर. वरच्या पट्टीला फाटलेला.

त्यानं तोंड मिटलं.

आणि ओळ पुढं चालू राहिली.

गाडीत. अगदी जवळ. मागच्या सीटवरून नव्हे. त्यानं आरशात पाहिलं, मागं कुणी नव्हतं. आवाज मागचा नव्हताच. तो छातीतून येत होता. त्याच्या स्वतःच्या. दात दातांवर घट्ट, ओठ मिटलेले, आणि आत आकाराम गात होता. सावकाश. सुरात. कडव्याच्या मध्ये श्वास घेत.

ऋतुराजनं तोंडावर हात दाबला.

हाताला ओठ हललेले लागले नाहीत.

गाणं थांबलं नाही.

जयसिंगपूर गेलं. हातकणंगले गेलं. वाटेत एका पंपावर गाडी थांबवावी, माणसांत जावं, असं त्याला वाटलं. पण माणसांत गेल्यावर हे ऐकू आलं तर… तो थांबला नाही. शिरोलीच्या फाउंड्र्यांचे दिवे दिसायला लागले, तेव्हा आतला आवाज खोकला. मग गप्प झाला. मग पुन्हा नुसती चाल. शब्दांशिवाय. माणूस घराकडं वळल्यावर गुणगुणतो तशी.

ऋतुराजनं गाडी उचगावात घातली.

त्याला आता एकच सुचत होतं. अंबूबाईपुढं उभं राहायचं आणि सांगून टाकायचं. उद्या गणपतरावांना फोन करतो, लोकांना सांगतो, पेपरात देतो, सगळं करतो. पण आत्ता म्हातारीला सांगायचं. तोंडानं.

गल्लीच्या तोंडाला गाडी लावून तो चालत गेला. घरोघर दिवे मालवलेले. अंबूबाईचं घर शेवटचं. गुणगुणणं चालूच होतं. तो दारापाशी पोचला. कडीला हात लावणार, तोच आतून म्हातारीचा आवाज आला. झोपमोड झाल्यासारखा नव्हे. वाट बघत बसल्यासारखा.

“आलास व्हय आक्का? कडी काढलीया. ये आत.”

गुणगुणणं थांबलं.

ऋतुराजनं ‘मी ऋतुराज’ म्हणायला तोंड उघडलं.

काही आलं नाही.

पुन्हा उघडलं. हवा आली. नुसती हवा.

दार उघडलं. अंबूबाईनं दिवा लावला. तिनं त्याला पाहिलं. त्याच्या खांद्यावरून मागं गल्लीत पाहिलं. पुन्हा त्याला पाहिलं.

“तू?” ती म्हणाली. “मग गात कोण हुतं?”

ऋतुराजनं हात जोडले. गळ्याकडं बोट केलं. तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हातारी उंबऱ्यात उभी. तिनं घाई केली नाही. बराच वेळ वाट पाहिली.

“बोल की,” ती म्हणाली.

त्यानं पुन्हा हात जोडले.

“माझ्या पोराचा गळा मला वळकू येत न्हाय असं वाटलं हुतं व्हय तुमास्नी? वरातीत वाजायचं तवा मी दाराशी यून बसायची. माझा आक्का गातोय म्हणून. आन् समद्या आळीत तुजा फोटू.” ती थांबली. “माझ्यापाशी बोलून तरी काय हुतंय? लोकांत बोलायचं हुतंस. आज गेलतास न्हवं माइक घिऊन? बोललास काय?”

ऋतुराजनं मान खाली घातली.

“बोलायचं न्हवतं, तर आलास कशाला?”

तिनं दार लावून घेतलं.

तेव्हापासून ऋतुराजला वाचा नाही.

मिरजेला दाखवलं, पुण्याला दाखवलं. नळी घालून पाहिली. डॉक्टर म्हणतात, गळ्यात काही दोष नाही, लहान मुलासारखा स्वच्छ आहे. धक्क्यानं असं होतं, येईल वाचा. मीही मोनाला तेच सांगतो. शास्त्रात याला नाव आहे. नाव आहे म्हणून मला बरं वाटतं, इतकंच.

“पण आबा, लिहून टाकायचं की त्यांनी,” तेजस्वी, तुझ्या मनात हेच आलं ना? माझ्याही आलं. हात चालतात त्याचे. मोबाइलवर झरझर लिहितो. भाजी काय आणायची ते लिहितो, शोरूममध्ये गिऱ्हाइकाला भाव लिहून दाखवतो. ही सगळी हकिकत त्यानं मला तशीच, माझ्यासमोर बसून, लिहून दाखवली आणि वाचून झाल्याबरोबर पुसली. मी म्हटलं, अरे, यातलं एकच वाक्य लोकांसाठी टाक. आवाज आकारामचा होता, एवढंच. मोबाइलवर तुझं ते चाहत्यांचं पान आहे, त्यावर हजारो माणसं आहेत. त्यानं मान डोलावली. लिहायला घेतलं. अंगठा तसाच काचेवर राहिला.

अजून राहिलाय. पानावर लाल शर्टातला फोटो आहे. सिद्धाप्पा त्याच्याशी बोलत नाही.

एवढंच असतं, तर मी तुम्हांला हे सांगितलं नसतं. कुणाची वाचा जाते, कुणाची येते. पण मोनानं मला या भाद्रपदातल्या अमावास्येला बोलावून घेतलं. म्हणाली, “मामा, तुम्ही शिकलेले हाईसा. एकदा यून ऐका.”

तिनं सांगितलं ते असं. गेल्या काही महिन्यांपासून, दर अमावास्येला, हा गाढ झोपला की गातो. तोंड मिटलेलं. ओठ निश्चल. आवाज त्याचा नव्हे. आणि ते गाणं आपलं ‘निघालासा’ नव्हे. दुसरंच. कधी कुणी न ऐकलेलं. दर अमावास्येला एक कडवं म्हणतो, आणि पुढच्या अमावास्येला त्याच्या पुढचं. मागचं कधी परत म्हणत नाही.

“कसं हाय गाणं?” मी विचारलं.

“लई चांगलं हाय, मामा,” ती म्हणाली. “त्येच वाईट वाटतंय.”

हे तिनं नवऱ्याला एकदा सांगितलं होतं. त्यानं मोबाइल घेतला, काहीतरी लिहिलं आणि तिच्यापुढं धरलं. तिला वाटलं, घाबरला असेल, काहीतरी उपाय विचारत असेल. लिहिलं होतं, ‘लोकांना आवडेल का?’

त्या रात्री तो झोपल्यावर मोनानं आपला मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि त्याच्या उशाशी ठेवला. दार पुढं केलं आणि आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसलो. दिवा चालू ठेवला होता. बाराच्या पुढं कधीतरी मला ते ऐकू आलं. ऐकू आलं असं मला वाटतं. एक कडवं. वरच्या पट्टीतलं, न फाटता गेलेलं. शब्द मला धरता आले नाहीत. मोनानं माझा हात घट्ट धरला होता. मग थांबलं.

सकाळी आम्ही रेकॉर्डिंग लावलं. गाणं त्यात नव्हतं. एक ओळसुद्धा नव्हती. मला, खरं सांगतो, हायसं वाटलं. म्हटलं, बघ मोना, भास. दोघांनाही झाला. होतो असा.

मोनानं मोबाइल माझ्या हातातून घेतला. आवाज पूर्ण वाढवला. माझ्या कानाला लावला.

श्वास ऐकू येत होता. झोपलेल्या माणसाचा, संथ, एकसारखा.

आणि त्याच्या शेजारी आणखी एकाचा. धापेचा. ओळ संपल्यावर घेतात तसा.

खोलीत ऋतुराज एकटाच होता.